हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दुसऱ्याची वस्तू परस्पर दान करून पुण्य मात्र स्वतःच्या पदरात पाडून घेणे, याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. ही म्हण मी प्रवचनांतून अनेकदा वापरली आहे. ती एके दिवशी माझाच पत्ता विचारीत येईल असे वाटले नव्हते. ती आली धारूरच्या घाटात.

तेलगावला माझा एक जुना मित्र शेती करतो. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी सेमिनरीत गेलो आणि तो आपल्या कापसाच्या रानात परतला. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत आमच्या भेटी बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या. तीन वर्षांपूर्वी दसरा उलटल्यावर मला एक दिवसाची सवड मिळाली. बेत साधा होता: त्याच्या बुलेटवरून घाट चढून धारूरला जायचे, विजापूरच्या आदिलशाहीतील किश्वरखानाने बांधलेला किल्ला पाहायचा, तेथून अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे.

बीड जिल्हा ज्यांना केवळ दुष्काळाच्या बातम्यांतून ठाऊक आहे, त्यांनी आश्विनातला बालाघाट पाहावा. डोंगर फार उंच नाहीत. पण गवत सोन्यासारखे पिवळे झालेले असते, काळ्या कातळातून अजून पाणी झिरपत असते आणि वळणावळणावर डोळा पडलेली सीताफळे पाट्यांत मांडून बाया बसलेल्या असतात. (हे फळ मूळचे अमेरिकेतले. आज मात्र ते येथले इतके झाले आहे की बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.) मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला मित्राची केवळ पाठ दिसते. निम्मे शब्द वाऱ्यावर जातात, आणि उरलेल्यांवर भागते. मी कित्येक वर्षांत इतका सुखी नव्हतो.

घाटाच्या मध्यावर ऊसतोडीला निघालेल्यांचा एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. ट्रॉलीत भांडी, गाठोडी, दोन शेळ्या आणि पोरेबाळे. एका बाईच्या मांडीवर चार-पाच वर्षांचा मुलगा तापाने निपचित पडला होता. मित्राने गाडी थांबवली, मुलाच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “तू उतर. बस इथं दगडावर. ह्यांला धारूरला दवाखान्यात दावून आलोच.” ती माउली मुलाला घेऊन माझ्या जागेवर बसली. गाडी वळणाआड गेली.

तो साडेतीन तासांनी परतला. डॉक्टरांनी मुलाला सलाईन लावली होती आणि त्या बाईला तेथे एकटी सोडून येणे त्याला जमले नाही. तोवर किल्लाही गेला, अंबाजोगाईही गेली.

त्या दगडावर बसून माझ्या मनात जे आले ते लिहिताना लाज वाटते. मुलासाठी मी एक प्रार्थना केली आणि नंतर चिडलो. ताप होता, पण जीव जाण्यासारखा नव्हता. अर्ध्या तासात एखादी जीप आलीच असती. बरे, दया करायची ती त्याने करावी. पण तिची किंमत माझ्या दिवसाने का मोजावी? मला एका शब्दाने तरी विचारायचे होते.

ट्रॉलीजवळच्या एका म्हातारीने मला चहा दिला. मुले नातवंडांना सांभाळायला तिला संगे नेत होती. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मुकादम जोडीची आगाऊ उचल बहुधा नवऱ्याच्या हाती देतो. म्हातारी सहज बोलून गेली, “उचल त्यानं घेतली, बाबा. फिटायची दोघांच्या हातानं. तिला कोण इचारतंय?” कोणतीही तक्रार तिच्या स्वरात नव्हती.

संत थॉमस अक्वायनस यांनी दानाविषयी लिहिताना हा प्रश्न टाळलेला नाही. जे आपल्या एकट्याच्या अधिकारातले नाही ते दान करण्यास संमती हवी. मात्र समोरचा प्राणांतिक गरजेत असेल तर संमतीसाठी अडून बसू नये, असा त्यांचा निर्वाळा आहे. सेमिनरीत हे मी पाठ केले होते. या कसोटीवर माझा मित्र काठावर उत्तीर्ण होतो की अनुत्तीर्ण, याचा हिशेब मी त्या दगडावर करीत होतो!

परतताना मी त्याला बोलून दाखवले. त्याने गाडी बाजूला घेतली आणि विचारले, “तू नाही म्हनला असतास का?”

“नसतो म्हणालो.”

“मग?”

या ‘मग’पुढे माझे शास्त्र थिटे पडले. मित्रांचे सारे सामाईक असते, ही ग्रीकांची जुनी म्हण ॲरिस्टॉटलनेही आदराने उद्धृत केली आहे. आजवर तिचा अर्थ मी असा घेत आलो होतो की मित्राची वस्तू मला वापरता येते. मित्राची वस्तू तिसऱ्यालाही देऊन टाकता येते, हा तिचा पुढचा अर्थ त्या दिवशी कळला. माझा होकार त्याने गृहीत धरला होता हे खरे. पण तो गृहीत धरण्याइतका त्याने मला ओळखला होता.

तथापि त्या रात्री तेलगावात मला झोप लागली नाही, ती वेगळ्या कारणाने. माझी आई एकवीस वर्षे नाताळच्या दुपारी माझ्यासाठी ताट वाढून ठेवीत असे. त्यांतल्या चार-पाच वेळाच मी पोहोचलो. धर्मग्रामात कोणी आजारी असे, कोणी एकटे असे, आणि मी लोकांना म्हणत असे, “आई समजून घेते.” माझे ते औदार्य सर्वत्र वाखाणले गेले. ताट तिचे होते. तिने नाही म्हटले असते की नाही, हे मला ठाऊक नाही, कारण मी कधी विचारलेच नाही. आणि माझ्या मित्राने मला ओळखले तितके मी तिला ओळखत होतो असेही छातीठोकपणे सांगता येत नाही. आईबापांच्या वाट्याचे देवाला ‘कुर्बान’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना प्रभू येशूने किती कठोर शब्द सुनावले, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. त्या उताऱ्यावर मी प्रवचने दिली आहेत, पण परुश्यांकडे बोट दाखवून.

येथे धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांची क्षमा मागून एक गोष्ट सांगतो. सणाच्या तयारीसाठी आम्ही धर्मगुरू तुमच्या घरातील कर्त्या पुरुषांच्या संध्याकाळी मागून घेतो, आणि तेही उदारपणे देतात. त्या संध्याकाळींत दुसऱ्या कोणाचा वाटा होता का, हे आम्ही विचारीत नाही.

गेल्या वर्षी सणाच्या बैठकीला जमलेल्या सातजणांना मी प्रथमच विचारले, “घरी विचारून आलात का?” सगळे हसले. एकजण म्हणाला, “फादर, ती काय नाही म्हणतेय!” मी म्हटले, विचारून तर या. सातहीजण गेले. पाच परत आले. मंडप त्या वर्षी एक दिवस उशिरा उभा राहिला.