पुढे केलेला हात



उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही त्यातील एका बारीक तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. थोरला मुलगा दिवसभर राबून शेतातून घराकडे येतो, तेव्हा त्याच्या कानांवर सर्वात आधी काय पडते? बापाचा आवाज नव्हे, धाकट्या भावाचे हुंदके नव्हेत, तर वाद्ये आणि नाच (लूक १५:२५). पित्याच्या घरातील आनंदाचे चित्र रंगवताना प्रभू येशूने नाच वगळला नाही. थोरला मात्र अंगणातच थांबतो. चाकराला बोलावून चौकशी करतो, रागावतो आणि आत पाऊल टाकायचे नाकारतो.

लग्नसराई तोंडावर आली आहे. येत्या काही आठवड्यांत आपल्या सर्वांच्या कानांवर वाद्यांचे आवाज पडतील. काही जण नाचतील, काही जण खुर्चीत बसून बघतील, तर काही जण थोरल्या भावासारखे नाक मुरडून बाहेर उभे राहतील. म्हणून ह्या रविवारी एका नाचाविषयी लिहावे असे वाटले. हा नाच आपल्याकडचा नव्हे. तो अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातील हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जन्माला आला. परंतु देव माणसाला कसा बोलावतो आणि माणसाने माणसाला कसे बोलवावे, हे त्या नाचाकडे पाहून चांगले समजते.

१२ मार्च १९२६ रोजी हार्लेममधील लेनॉक्स ॲव्हेन्यूवर 'सॅव्हॉय बॉलरूम' हे नृत्यगृह सुरू झाले. १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधली सगळी लांबी त्याने व्यापली होती. आत वादकांसाठी दोन मंच होते. एका बँडने विसावा घेतला की दुसरा वाजवू लागे, त्यामुळे संगीतात खंड पडत नसे. येथील लाडका वादक होता ड्रमवादक चिक वेब. क्षयाने पाठीचा कणा वाकलेला, अंगाने ठेंगणा असा हा माणूस. पण ११ मे १९३७ रोजी बेनी गुडमनच्या नामांकित बँडशी त्याचा सामना झाला, तेव्हा सॅव्हॉयच्या जमावाने चिक वेबलाच विजयी ठरवले. ह्याच फरशीवर 'लिंडी हॉप' नावाचा जोडीने करायचा नाच बहरला. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने विमानातून एकट्याने अटलांटिक महासागर पार केला, त्यावरून ह्या नाचाला हे नाव पडले असे सांगतात.

त्या संगीताला 'स्विंग' म्हणतात. स्विंग म्हणजे झोका. ठेका साधा, चार मात्रांचा. पण वादक प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे करत नाहीत. पहिला किंचित लांबवतात, दुसरा आखूड करतात. एवढ्याशा फरकामुळे ते संगीत झोपाळ्यासारखे पुढे झुकते आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलू लागतो.

आता नाचाची रीत पाहा. दोघांपैकी एक जण पुढाकार घेतो, दुसरा साथ देतो. पूर्वी पुढाकार बहुधा पुरुषाचा असे. आज दोन्ही भूमिका स्त्रिया आणि पुरुष दोघेही शिकतात. बहुतेक वेळा पावले आधी ठरलेली नसतात. समोरची व्यक्ती पूर्ण अनोळखीही असू शकते. मग दोघांचे जमते कसे? जोडीदाराचा हात घट्ट आवळायचा नसतो आणि अगदी ढिलाही सोडायचा नसतो. पुढाकार घेणारा आपल्या अंगाचा भार एका बाजूला झुकवतो. तो कल हातातून दुसऱ्याला जाणवतो आणि तो आपल्या पायांनी, आपल्या पद्धतीने त्याला उत्तर देतो. आठ मात्रांच्या एका फेऱ्यात दोघे जवळ येतात, गिरकी घेतात आणि एकाच हाताची पकड ठेवून लांब जातात. त्या लांबच्या जागी प्रत्येकाला स्वतःचे काही करायला मोकळीक असते. मग पुन्हा दोघे जवळ येतात.

ह्यात दोन चुका हमखास होतात. पुढाकार घेणारा हात धरून ओढू लागला की जोडीदाराचा तोल जातो आणि नाचाची कुस्ती होते. उलट, साथ देणाऱ्याने 'आता हेच होणार' असे गृहीत धरून आधीच पाऊल टाकले, तरी नाच मोडतो. म्हणून मुरलेले नाचणारे नवशिक्यांना सांगतात: आधी ऐका. संगीत ऐका आणि समोरच्या माणसाला ऐका.

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) ह्यांनी 'उपलब्ध असणे' ह्या गोष्टीवर सखोल चिंतन केले आहे. एखादा माणूस आपल्या शेजारी बसतो, आपले बोलणे ऐकतो, वेळप्रसंगी मदतही करतो. तरी तो आपल्यासाठी तिथे नसतो, कारण तो स्वतःनेच भरलेला असतो. दुसरा माणूस नुसता आपल्याकडे पाहतो आणि आपल्याला कळते की हा खरोखर आपल्याजवळ आहे. नाचाच्या फरशीवर हा फरक पहिल्या आठ मात्रांतच उघड होतो. लोकांनी आपल्याला पाहावे म्हणून जो नाचतो, त्याच्या हातात जोडीदार असूनही तो एकटाच नाचत असतो.

बंधू-भगिनींनो, आपला देव माणसाला ओढत नाही. तो हात पुढे करतो. नासरेथ गावात गब्रिएल देवदूत आला, तेव्हा साऱ्या जगाचे तारण एका तरुण मुलीच्या होकारासाठी थांबले होते. पवित्र मरियेने प्रश्न विचारला, देवदूताने उत्तर दिले आणि मग तिने स्वखुशीने होकार दिला. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो. दार मोडून आत शिरत नाही. देवाची कृपा आपले स्वातंत्र्य मोडत नाही. ते स्वातंत्र्य जागे करते. आपण मात्र पुष्कळदा त्या साथीदारासारखे वागतो, जो आधीच ठरवून बसतो की देव मला अमुकच ठिकाणी नेणार. मग जे पाऊल त्याने सुचवले होते, तेच आपल्या हातून निसटते.

हीच कसोटी आपल्या घरांना लावून पाहू या. "ह्या घरात माझाच शब्द चालतो" असे काही पुरुष अभिमानाने सांगतात. पत्नीने पतीच्या अधीन असावे हे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील वाक्य त्यांना बरोबर आठवते. पण त्याच्या आधीच्याच वचनात दोघांनीही परस्परांच्या अधीन असावे असे सांगितले आहे (इफिस ५:२१), ते कुणाच्या लक्षात राहत नाही. कर्तेपणा म्हणजे ओढणे नव्हे. जो ऐकत नाही, त्याला पुढाकार घेताच येत नाही. आईबापांनी मुलांना स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नांकडे खेचणे, मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना न विचारता त्यांचे सारे परस्पर ठरवणे, धर्मग्रामाच्या कामांत चार जणांनी निर्णय घ्यायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही सगळी ओढाओढच आहे. आणि मी धर्मगुरू असल्यामुळे ही कसोटी मला तुमच्याहून आधी लागू आहे.

सॅव्हॉयची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तेथून एक-दोन रस्ते पलीकडे, त्याच लेनॉक्स ॲव्हेन्यूवर 'कॉटन क्लब' होता. तिथे मंचावर गाणारे-नाचणारे कृष्णवर्णीय, पण समोर बसणारे गिऱ्हाईक गोरे. कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून तिथे मज्जाव होता. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचत. वंशभेदाने चिरफाळलेल्या त्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. १९४३ साली अधिकाऱ्यांनी सॅव्हॉय काही महिने बंद ठेवले. कारण अनैतिकतेचे दाखवले; पण खरी खुपणारी गोष्ट म्हणजे दोन वर्णांचे एकत्र नाचणे, अशी हार्लेममधील अनेकांची भावना होती. पुढे १९५८ मध्ये सॅव्हॉय कायमचे बंद झाले आणि त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या.

त्या फरशीवरचा सर्वात नावाजलेला नर्तक फ्रँकी मॅनिंग (१९१४-२००९). जमाना बदलला, मोठे बँड मोडले, तेव्हा ह्या माणसाने टपाल खात्यात नोकरी धरली आणि सुमारे ३० वर्षे निमूटपणे केली. १९८० च्या दशकात काही तरुण त्याला शोधत आले आणि आम्हाला शिकवा म्हणाले. सत्तरी ओलांडलेला मॅनिंग पुन्हा उभा राहिला आणि देशोदेशी शिकवत फिरला. उतारवयात वाढदिवसाच्या दिवशी तो आपल्या वयाच्या वर्षांइतक्या जोडीदारांबरोबर ओळीने नाचत असे. आजही जगभर ज्या शहरांत हा नाच चालतो, तिथे साधी रीत पाळली जाते. कुणीही कुणाला विचारावे. नकार मिळाला तर राग मानू नये. गाणे संपले की आभार मानावेत, हात सोडावा आणि दुसऱ्या कुणाकडे जावे. तीन-चार मिनिटे पूर्ण मन देऊन सोबत करायची आणि मग त्या माणसावर हक्क सांगायचा नाही. शेजारप्रीतीचा हा चांगला सराव आहे.

कुणी विचारील, फादर, चर्चच्या पत्रकात नाचगाण्याचे काय काम? प्रश्न रास्त आहे. नाचाच्या निमित्ताने दारूचा पूर येतो, अंगचटी होते, मध्यरात्रीपर्यंत कर्कश आवाजाने शेजारच्या आजाऱ्याची झोप उडते. ह्या गोष्टींचे समर्थन कुणी करू नये. पण दोष ओढाओढीचा आणि बेफिकिरीचा आहे, आनंदाचा नव्हे. कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देवापुढे देहभान विसरून नाचला आणि खिडकीतून पाहणाऱ्या मीखलने त्याला मनात तुच्छ लेखले (२ शमुवेल ६). पवित्र शास्त्र तिथे दावीदाच्या बाजूने उभे राहते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की मनालाही विसावा लागतो. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदात विरजण घालतो, तोही दोषी ठरतो.

ह्या संगीताचे आणि चर्चचे नातेही जुने आहे. १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले, तेव्हा हे संगीत चटकन उचलणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुढे होते. त्यांतील अनेकांनी गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले होते. हळदोण्याचा चिक चॉकलेट त्यांपैकीच एक. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मधील गाण्यांत ऐकू येणारा झोका त्याच वाटेने आला. तिकडे ड्यूक एलिंग्टनने १६ सप्टेंबर १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये पवित्र संगीताची मैफल केली. तिच्यात दावीदाच्या नाचावरच्या रचनेवर बनी ब्रिग्ज हा नर्तक प्रत्यक्ष नाचला. स्विंगच्या काळातील नामवंत पियानोवादक मेरी लू विल्यम्स हिने १९५७ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. व्यसनात सापडलेल्या वादकांना तिने स्वतःच्या घरात आसरा दिला. तिने रचलेली मिस्सा १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये सादर झाली.

पुन्हा त्या दाखल्याकडे वळू. थोरला बाहेर उभा आहे. त्याची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. तो खरोखर राबला आहे आणि त्याला विचारायला शेतात कुणी गेले नव्हते. मग बाप काय करतो? पाहुणे सोडून, वाद्ये सोडून, तो स्वतः अंगणात येतो आणि मुलाची मनधरणी करतो. त्याला आत ओढून नेत नाही. प्रभूने दाखला तिथेच संपवला. थोरला आत गेला की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही.

आपल्या धर्मग्रामातही अंगणात उभे राहिलेले थोरले आहेत. जमिनीच्या वादावरून भावाच्या दारी न जाणारे आहेत. मांडवात भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेली विधवा आहे; तिचे नाव आमंत्रणाच्या यादीत असते, पण तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी वळत नाही. परगावाहून कामासाठी आलेली, मिस्सेला मागच्या बाकावर बसून मुकाट निघून जाणारी कुटुंबे आहेत. आपण आपल्याच नात्यागोत्यात, आपल्याच वाडीतल्या घोळक्यात फेर धरतो आणि त्यालाच समाज म्हणतो.

ह्या लग्नसराईत प्रत्येकाने एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. मांडवात शिरल्यावर आपल्या माणसांकडे जाण्याआधी एकदा भिंतीकडे पाहावे. ज्याच्याजवळ कुणी नाही त्याच्यापर्यंत चालत जावे आणि हात पुढे करावा. नाचता येत असेल तर नाचायला बोलवावे, येत नसेल तर शेजारी बसून ऐकावे. त्याने नकार दिला तर रागावू नये. त्या अंगणातल्या बापालाही लगेच होकार मिळाला नव्हता. आणि ज्यांचा हात कुणी धरावा अशी वेळ आज आपल्यावरच आली असेल, त्यांनी पुढे आलेला हात अभिमानापोटी नाकारू नये.

हे पित्या, तू आम्हाला ओढत नाहीस, बोलावतोस. तुझे ऐकायला आमचे कान उघड आणि अंगणात उभ्या असलेल्या आमच्या भावंडांपर्यंत चालत जायला आमच्या पायांना बळ दे. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू