पान उलटण्याआधी

रंगवलेल्या सुपरहिरो-कादंबरीबद्दल वाचकांना विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: चित्रं अफलातून, गोष्ट बेताची. डीसी कॉमिक्सने 1996 मध्ये काढलेल्या ‘किंगडम कम’बद्दल तर हे हमखास ऐकू येतं. कथा मार्क वेड यांची, चित्रं अ‍ॅलेक्स रॉस यांची. काळी रेष काढायची आणि आत सपाट रंग भरायचा ही कॉमिकची नेहमीची रीत सोडून रॉस यांनी सगळं पुस्तक ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात रंगवलं. कुणी म्हणतं, यातली कुठलीही चौकट भिंतीवर लावावी. कुणी म्हणतं, पात्रांची एवढी गर्दी की कोण कुणाच्या बाजूचा तेच समजत नाही. कुणाला त्यातला बायबलचा सूर जड जातो, तर कुणाला माणसं फोटोसाठी उभी केल्यासारखी ताठ वाटतात.

यातलं एकही मत खोटं नाही. पण ती सगळी पुस्तक मिटल्यावर दिलेली आहेत. आज पुस्तक उघडं असतानाच थांबून बघू. घाई नाही. आणि सोबतीला औंधच्या राजाला घेऊ.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान आणि तेही तुकड्यातुकड्यांचं. औंध साताऱ्यात, आटपाडी, कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. बाळासाहेब स्वतः कीर्तन करत, रोज सूर्यनमस्कार घालत, रयतेलाही घालायला लावत, आणि चित्रं काढत. 1916 मध्ये त्यांचं ‘चित्र रामायण’ छापून आलं. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम उभं राहिलं तेव्हा त्यांनी लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्या आवृत्तीसाठीही चित्रं केली. अमानवी बळ असलेल्या वीराची गोष्ट रंगवून, पुस्तकात बांधून वाचकाच्या हाती द्यावी, ही हौस साताऱ्याला नवी नाही.

आता पुस्तक समोर घ्या. संवादांचे फुगे हाताने झाका. वाचायचं नाही, फक्त बघायचं.

सुपरमॅन शेतावर दिसतो. केस वाढलेले, दाढी आलेली, कानशिलं पांढरी. खांद्यावर लाकडाची जाड तुळई. जगाकडे पाठ फिरवून तो इथे येऊन राहिला आहे, पण ते अजून आपल्याला माहीत नाही असं समजू. नजर मानेवर ठेवा. मग खांद्यावर. तुळईचा भार कुठे उतरतो ते शोधा. पुढच्या पानांत त्याच्या अंगावर पोशाख येईल, तेव्हा कमरेपाशी कापड कसं चुरगळतं ते बघा. साध्या कॉमिकमध्ये पोशाख म्हणजे अंगावर चढवलेला रंग. इथे ते कापड आहे, शिवलेलं, वापरलेलं. रॉस ओळखीच्या माणसांना उभं करून त्यांचे फोटो घेतात आणि त्यावरून रंगवतात. ही सगळी गोष्ट ज्याच्या डोळ्यांनी दिसते तो म्हातारा पाद्री, नॉर्मन मॅके, त्यांनी आपल्या वडिलांवरून रंगवला. त्यांचे वडीलही पाद्रीच.

देवाला आणि वीराला खऱ्या माणसाचं अंग द्यायचं, ही वाट आपल्याकडे रविवर्म्यांनी रुळवली. त्यांची काही मूळ तैलचित्रं औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात आहेत, ‘सैरंध्री’ त्यातलीच. बाळासाहेबांनी हे संग्रहालय 1938 मध्ये उभारलं. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी म्हणजे सैरंध्री. चित्रात ती महाराणीही नाही आणि देवीही नाही. तिच्या अंगावरचं लुगडं कुणीतरी नेसलेलं लुगडं आहे.

चित्र क्षणभर सोडा. डोळे मिटा आणि आपल्या गावचा मारुती आठवा.

समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत: चाफळचे दोन, शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी. बहे-बोरगाव आणि शिराळा हे दोन सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. शिवाय प्रत्येक वेशीवर एक मारुती आहेच, कुणी स्थापला ते कुणालाच ठाऊक नसलेला. त्याच्याकडे मनाने जवळून बघा. शेंदराच्या थरांवर थर चढून नाक कधीच बुजलं आहे. बोटं दिसत नाहीत. शेपूट कुठे सुरू होते ते हात फिरवल्याशिवाय कळत नाही. चांदीचे डोळे तेवढे लख्ख. तरी हा मारुतीच का, असं पोरसुद्धा विचारत नाही. तेल घालणाऱ्याला त्याच्या दंडाच्या शिरा मोजायची गरज पडत नाही.

मग राजाने आणि रॉस यांनी एवढी त्वचा, एवढ्या सुरकुत्या कशासाठी रंगवल्या असतील?

इथे थोडं रेंगाळा. माझ्या समजुतीप्रमाणे शेंदरी मारुतीबद्दल शंका घेता येत नाही. तो थकेल, चुकेल, म्हातारा होईल, हा प्रश्न त्या शेंदरापुढे उभाच राहत नाही. रंगवलेल्या वीराला मात्र मान आहे आणि ती दुखू शकते. कानशिल आहे आणि ते पिकू शकतं. ‘किंगडम कम’ची गोष्टच मुळी थकलेल्या, चुकणाऱ्या बलवानांची आहे; ती सपाट रंगात सांगितली असती तर मला तरी पटली नसती. म्हणूनच चित्रं चांगली आणि गोष्ट बेताची, असे दोन वेगवेगळे गुण या पुस्तकाला देता येत नाहीत. पांढरं कानशिल हे चित्रही आहे आणि गोष्टही.

या रीतीने काही गमावलंही जातं. वजन आलं की उड्डाण अवघड होतं. चार रेषांत काढलेला हनुमान समुद्रावरून सुसाट जातो. तैलरंगातला हनुमान हवेत टांगल्यासारखा दिसण्याचा धोका असतो. रॉस यांच्या लढाईच्या पानांवर तसं होतं. शरीरं एकमेकांवर आदळतात, पण वेग अंगावर येत नाही. ताठपणाची तक्रार करणारा वाचक बरोबर आहे, आणि चित्रांवर प्रेम असलं तरी हे कबूल करायला हवं.

आता गर्दीचं पान उघडा. शंभरेक मुखवटे, केप, शिरस्त्राणं. आपल्याला त्यातले चारच ओळखू येतात आणि वाचनाची लय तुटते. मन म्हणेल, गोष्ट गोंधळाची आहे. त्याला म्हणू द्या, आणि शेटफळ्याकडे वळा. आटपाडी तालुक्यातलं हे गाव. ग. दि. माडगूळकर इथे 1919 मध्ये जन्मले. त्यांचं काही शिक्षण औंधला झालं, म्हणजे ते बाळासाहेबांच्याच रयतेतले. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि आठवड्याला एक गाणं याप्रमाणे वर्षभर घराघरात ऐकलं गेलं. ऐकणाऱ्या एकालाही पुढे काय होणार हे नवीन नव्हतं. कौसल्या कोण, शूर्पणखा कुणाची बहीण, हे समजावून सांगण्यात एक ओळही खर्ची पडली नाही, सगळं बळ प्रसंगाच्या भावाला मिळालं. ‘चित्र रामायणा’च्या वाचकाचंही तेच. पान उघडताच त्याला प्रसंग ओळखता येत होता, म्हणून तो बघत बसू शकत होता.

‘किंगडम कम’ अशाच वाचकासाठी रंगवलेलं आहे, त्या मुखवट्यांसोबत लहानाचा मोठा झालेल्या. आपण तिथे परगावचे. आपल्या कुलाचाराच्या जेवणावळीत पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला पंगतीतलं नातं जसं उमगत नाही, तसं होतं. म्हणून सगळ्यांना ओळखायचा हट्ट सोडा. त्या गर्दीतला एकच चेहरा निवडा, अनोळखीच निवडा. तो कुणाकडे बघतो आहे? त्याला भीती वाटते आहे की मजा? पुढच्या गर्दीच्या पानात त्यालाच शोधा. दोन-तीन पानांत हा जमाव माणसांचा व्हायला लागतो.

आता सगळ्यात जड भाग. इथे फुग्यांवरचा हात काढा.

नव्या पिढीचे बलवान बेफाम झाले आहेत. त्यांच्या मारामारीत कॅन्सस प्रांत किरणोत्साराने उजाड झाला आहे. सुपरमॅन परत येतो, काहींना आपल्या बाजूला वळवतो, आणि जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी त्याच उजाड जमिनीवर एक प्रचंड तुरुंग बांधतो. हेतू चांगला आहे. तुरुंग भरतो, मग तुंबतो, आणि शेवटी फुटतो. त्या भिंतींकडे बघत थांबा. जगातल्या सर्वांत बलवान आणि सर्वांत भल्या माणसाला चुकलेल्यांसाठी दुसरं काही सुचलं नाही. का सुचलं नसेल? उत्तर लगेच देऊ नका.

आटपाडीजवळ 1939 मध्ये औंध संस्थानाने एक वसाहत सुरू केली. स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतींविना ठेवले. त्यांनी जमीन कसायची, बायकापोरांसह राहायचं. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची. राजाने तिला जमीन आणि परवानगी दिली. पुढे याच प्रयोगावरून माडगूळकरांनी कथा लिहिली, आणि 1957 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. दुष्काळी माणदेशातलं ते माळरान आणि रॉस यांनी रंगवलेलं जळकं कॅन्सस, दोन्ही डोळ्यांपुढे एकदम धरून बघा. एका ठिकाणी आभाळ फाडून उडणारा वीर आणि त्याची पोलादी भिंत. दुसऱ्या ठिकाणी सूर्यनमस्कार घालणारा म्हातारा राजा, ज्याच्या हाती संस्थानही धड सलग नव्हतं.

शेवटाकडे येऊ. तुरुंग फुटल्यावर संयुक्त राष्ट्रसंघ त्या सगळ्यांवर अणुबॉम्ब सोडतो. बॉम्ब पडू द्यावा तर बलवान मरतील, अडवावा तर उरलेली माणसं त्यांच्या तावडीत राहतील. सुपरमॅनला बॉम्ब अडवणं जमलं असतं. पण तो निर्णय घेत नाही. कॅप्टन मार्व्हल हा बिली नावाचा साधा पोरगाही आहे आणि महावीरही, म्हणून दोन्हीकडच्यांच्या वतीने तूच ठरव, असं सुपरमॅन बिलीला सांगतो. बिली सुपरमॅनला खालीच ठेवून एकटा वर झेपावतो. या दोन-तीन पानांवर रॉस यांची ती वजनदार शरीरं पहिल्यांदा हलकी होतात, असं मला दर वेळी वाटतं. त्यानंतर संतापलेला सुपरमॅन संयुक्त राष्ट्रसंघाच्या छतालाच हात घालतो आणि म्हातारा पाद्री त्याला शब्दांनी थांबवतो. हे थांबणं मला घाईचं वाटतं. एवढा राग दोन पानांत विरत नाही. गोष्ट बेताची म्हणणाऱ्यांना मी हा एक मुद्दा पूर्ण देतो.

राजाच्या बाबतीत सत्ता सोडणं एका पानात झालं नव्हतं. जानेवारी 1939 मध्ये औंधला नवी राज्यघटना आली. गांधीजींचा सल्ला घेतलेला, मसुद्यात फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब यांचा हात. त्यामागे गावोगाव बैठका होत्या, आणि पुढे पंचायतींना हिशेब, तंटे, शाळा सांभाळायला शिकण्याची वर्षं होती, 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. बिलीला ठरवायला सांगून सुपरमॅन जे एका क्षणात सोडतो, ते इथे तालुक्या-तालुक्यातून थोडं थोडं सुटत गेलं. आपली सत्ता प्रजेकडे देणाऱ्या त्या घटनेमागचा राजा आणि राम, लक्ष्मण, मारुती यांचे दंड रंगवणारा चित्रकार एकच. फुगे झाकून, पुन्हा पहिल्या पानापासून, हे लक्षात ठेवून बघा; आणि मग चित्र कुठे संपलं व गोष्ट कुठे सुरू झाली ते मला सांगा.