थांबल्यावर दिसते ते काय?

प्रभुभोजनापूर्वी थांबून आत्मपरीक्षण करावे, असे आपण मंडळीत सांगतो व शब्बाथशाळेत शिकवतो. पण थांबल्यावर जे दिसते ते आपले खरे रूप असते काय? संगणकाच्या कामातील एका रीतीवरून आम्हांला हा प्रश्न पडला. आपल्यातील जे तरुण प्रोग्राम लिहितात त्यांना ती चांगली ठाऊक आहे.

प्रोग्रामचे उत्तर चुकते तेव्हा चूक बहुधा आधीच कोठेतरी झालेली असते. म्हणून डीबगर नावाच्या साधनाने संशयाच्या ओळीवर 'ब्रेकपॉइंट', म्हणजे थांब्याची खूण, ठेवतात. ती ओळ अमलात येण्यापूर्वीच प्रोग्राम थांबतो. मग कोठे कोणता आकडा आहे हे पाहत एकेक ओळ पुढे जाता येते. अमुक रक्कम शून्याखाली गेली तरच थांब, अशी अटही घालता येते. १९४६ साली फिलाडेल्फियात लोकांपुढे आलेल्या एनिॲक यंत्रावर तर तार काढूनच हिशेब मध्ये थांबवीत. मात्र ओळीओळीवर थांबा ठेवला तर काम पुढे सरकत नाही. (पावलोपावली स्वतःला दोष देत बसणारी भाविक माणसे आपण पाहतोच.)

परंतु काही चुका थांबताच नाहीशा होतात. दोन कामांपैकी कोणते आधी पोहोचते यावर त्या अवलंबून असतात. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतील काही दगावले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली पहिला अपघात झाल्यावर तपासणी झाली, पण दोष सापडला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि थोड्याच दिवसांत दुसरा रुग्ण बळी पडला. यंत्र चालवणाऱ्या बाई सरावाने भरभर दुरुस्त्या करीत. त्या वेगातच चूक प्रकट होई. तेथील भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्यासोबत बसून तोच वेग पुन्हा आणला, तेव्हा ती हाती लागली.

रविवारी बाकावर डोळे मिटून बसलेल्या माणसाला घाई नसते. त्याने अंतःकरण शोधले तर राग सापडत नाही, आणि तो खोटेही बोलत नाही. राग येतो मंगळवारी सकाळी, दूध उतू जात असताना आणि रिक्षावाला खाली हॉर्न वाजवीत असताना. दाविदालाही नाथान यावा लागला.

डीबगरमध्ये दुसरीही एक खूण असते: प्रोग्राम न थांबवता तेथले आकडे नुसते टिपून घेणारी. आपल्या बाबतीत ही टिपणे घरची माणसे ठेवतात. तयारीच्या आठवड्यात त्यांना विचारावे असे आम्हांला वाटते. पण ज्याची नोकरी आपल्या हाती आहे, किंवा ज्या मुलाने आपली थप्पड खाल्ली आहे, तो खरे सांगेल काय? विचारताना आपला आवाज कसा असेल, यावरच बरेचसे ठरेल.