विश्वस्ताचा धर्म

काही दिवसांपूर्वी एक तरुण गृहस्थ सल्ल्यासाठी आले. त्यांना स्वतःला मार्फान विकार आहे, आणि त्यांचे वडील त्याच विकाराने चाळिशीतच अकस्मात गेले. आता घरी कन्यारत्न झाले आहे. डॉक्टर म्हणतात, मुलीची तपासणी करा. घरची वडील मंडळी म्हणतात, नको. त्यांचा प्रश्न होता, “कायद्याने तपासणी करावीच लागते काय?”

कायद्याची तशी सक्ती नाही, एवढे मी सांगितले. परंतु धर्माचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही.

१८९६ साली पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी लांबसडक, बारीक बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. त्यांच्यावरून या विकारास नाव मिळाले. शरीराचे अवयव बांधून धरणाऱ्या संयोजी ऊतींत फिब्रिलिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकातील दोष हे या विकाराचे कारण, असे १९९१ साली उघडकीस आले. आईबापांपैकी एकास विकार असेल, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. नवजात बालकात बाह्य लक्षणे नेहमीच स्पष्ट नसतात. घराण्यातील दोष ठाऊक असल्यास जनुकाची तपासणी मात्र उत्तर देऊ शकते.

यावर वडीलधारे म्हणतात, “पाळण्यातल्या लेकराच्या कपाळी रोगाचे नाव कशाला लिहावे? तो समूळ बरा तर होत नाही. शिवाय मुलीची जात. उद्या तिचे लग्न जुळायचे आहे.” हा आक्षेप क्षुद्र नव्हे. त्यात माया आहे आणि जगाचा अनुभवही आहे. परंतु या विकारात हृदयातून निघणारी महारोहिणी हळूहळू रुंदावते व एके दिवशी फाटू शकते. आधी कळले, तर वेळोवेळी हृदयाची तपासणी होते, औषधांनी ते रुंदावणे मंद करता येते आणि फाटण्यापूर्वी शस्त्रक्रिया करता येते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा रुग्णांच्या मृत्यूचे सरासरी वय सुमारे ३२ वर्षे होते. आज योग्य उपचार मिळालेले कित्येकजण सत्तरी गाठतात. मौन वडील माणसे पाळतात. त्याचे मोल मात्र बालकास द्यावे लागते.

देवाच्या मूर्तीस आपला कायदा अज्ञान बालकासमान मानतो. देवाचे अलंकार देवाचे. विश्वस्त ते केवळ सांभाळतो. स्वतःच्या अब्रूसाठी त्याने ते गहाण टाकले, तर आपण त्यास क्षमा करीत नाही. मग घराण्याच्या अब्रूसाठी लेकराचे आयुष्य गहाण टाकणाऱ्यास काय म्हणावे? अर्थात देवाचा खजिना चव्हाट्यावर मांडणे हाही विश्वस्ताचा धर्म नव्हे. हे ज्ञान डॉक्टरांस द्यावे, ज्यांना त्याच रक्तामुळे धोका आहे अशा आप्तांस द्यावे. गावास सांगण्याचे कारण नाही.

आणखी एक भेद आहे. मूर्ती सदैव अज्ञान राहते. मूल एके दिवशी सज्ञान होते आणि हिशेब मागते. लग्नाच्या वेळी काय सांगावे हे तेव्हा त्या मुलीने ठरवावे, आणि खरे तेच सांगावे. पण त्यासाठी ते तिला ठाऊक असले पाहिजे.

“कायदा गप्प आहे,” मी त्या गृहस्थांस म्हटले, “कारण त्याने हा विश्वास तुमच्यावर टाकला आहे.”