न कळलेल्या कवितेला दाद

काही महिन्यांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरी लहानशी बैठक भरली होती. तीत एका तरुण कवीने आपली कविता वाचून दाखविली. वाचन संपल्यावर क्षणभर शांतता पसरली आणि मग चोहोंकडून ‘वा! वा!’ असे उद्गार निघाले. त्यांत माझाही एक होता. परत येताना माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने विचारले, ‘काका, त्या कवितेतल्या माणसाला काय झालं होतं?’ उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले, तो माझ्या ध्यानात आले की, मला काहीच ठाऊक नाही. कवितेत कोणी माणूस होता, हेही मला तिच्याकडूनच कळत होते. ‘मग तुम्ही वा का म्हणालात?’ हा तिचा दुसरा प्रश्न काव्यशास्त्रातला नव्हता. तो सरळसरळ नीतीचा होता. त्या रात्री मला त्याचे उत्तर देता आले नाही.

दुर्बोध काव्याचा वाद निघाला म्हणजे आपण बहुधा कवीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. हा खटला फार जुना आहे. रामकथेच्या मिषाने व्याकरणाची उदाहरणे देणाऱ्या भट्टीने आपल्या काव्याच्या शेवटी मोठ्या अभिमानाने सांगून टाकले आहे की, हे काव्य टीकेच्या आधारानेच समजावयाचे; शहाण्यांना ती मेजवानी आहे, मंदबुद्धीच्या लोकांचे मात्र येथे मरण आहे. भामहाने नेमके हेच उलट बाजूने म्हटले: शास्त्राप्रमाणे काव्यालाही टीका लागत असेल, तर बिचारे मंदबुद्धी मेलेच की! बाराव्या शतकातील श्रीहर्षाने तर ‘नैषधीया’त आपण जागोजागी मुद्दाम गाठी मारून ठेविल्याची कबुली दिली आहे, स्वतःला पंडित समजणाऱ्या दुर्जनांनी या काव्याशी खेळ करू नये, हा त्याचा हेतू. मल्लिनाथाने भारवीच्या वाणीला नारळाची उपमा दिली ती अधिक उदार आहे. नारळ फोडण्याचे श्रम आहेत खरे, परंतु आत पाणी आणि खोबरे असल्याची हमी टीकाकार स्वतः देत आहे. वाचकाची खरी तक्रार कवचाविषयी नसतेच. फोडल्यावर आत काही निघेल की नाही, ही त्याची धास्ती असते. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या, किंवा स्वयंपाकघरातून नुकत्याच मोकळ्या झालेल्या माणसाने अर्धा तास नारळ आपटावा आणि तो पोकळ निघावा, यात त्याचा राग गैर आहे असे मला वाटत नाही.

तथापि सगळे काठिण्य एका जातीचे नसते. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सांगितली गेली. ज्यांनी ती ऐकली त्यांना तिची भाषा परकी नव्हती. आज आपल्याला शब्दार्थ पाहावा लागतो, त्यात ज्ञानेश्वरांचा काय दोष? उलट, केशवसुतांनी ‘झपूर्झा’ लिहिली ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या नित्याच्या मराठीत, आणि तरीही ती कित्येकांना कोडे वाटली. गमतीची गोष्ट ही की, ज्या शब्दावर विद्वान अडखळले तो मुलींच्या खेळातला असल्याचे सांगतात: ‘जा पोरी जा’ हे शब्द भरभर म्हटले की झपूर्झा होतो. अंगणातल्या मुलींना त्याचा अर्थ विचारण्याची गरज पडली नसावी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ 1947 मध्ये निघाल्या तेव्हा तिसऱ्याच प्रकारची अडचण उभी राहिली. अभंगाचे आणि ओवीचे छंद ओळखीचे, पण त्यांत यंत्रे आली, पिंपातले उंदीर आले, इंग्रजी शब्द आले. देवघरात गिरणीचा भोंगा वाजावा तसे पुष्कळांना झाले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे त्याच कविता महाविद्यालयांतून शिकविल्या जाऊ लागल्या. तेव्हा संतापलेले सगळेच वाचक मठ्ठ होते असे मी म्हणणार नाही. परंतु ‘मला हे कळत नाही’ या वाक्याऐवजी ‘यात काही नाही’ असे जे लिहीत बोलत होते, त्यांनी स्वतःविषयीची गोष्ट कवितेच्या माथी मारली, एवढे खास.

आपल्या भाषेची एक खुबी या ठिकाणी उपयोगी पडते. मराठीत ‘मी कळतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला कळते’ असे म्हणतो. आवडणे, भावणे, पटणे ही क्रियापदेही त्याच घरची. कविता मला कळते किंवा कळत नाही, आवडते किंवा आवडत नाही. यात कर्तेपण तिच्याकडे आहे, मी केवळ ते ज्याच्या वाट्याला येते तो. म्हणून न कळणे हा गुन्हा नव्हे आणि त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. दाद मात्र ‘मला’ दिली जात नाही. ती ‘मी’ देतो. तेथे कर्ता मी आहे आणि जबाबदारीही माझीच आहे.

यावर कोणी म्हणेल, न कळताही आवडू शकते, मग दाद का देऊ नये? हे अगदी खरे आहे. ग्रेस यांच्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या आणि त्या घरोघरी गेल्या. त्या गुणगुणणाऱ्या किती जणांना ओळीचा अन्वय लावून दाखविता येईल? फारच थोड्यांना. तरी ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात आणि ते अश्रू खोटे नसतात. शब्दांचा नाद, सांजवेळेचा काळोख, कोणाच्या तरी जाण्याची हुरहुर, इतके पोहोचले तर पुष्कळच पोहोचले. असा रसिक ‘वा’ म्हणाला तर त्याने काय खोटे सांगितले? मीही त्या रात्री हीच पळवाट शोधून पाहिली. परंतु स्वतःशी प्रामाणिक राहावयाचे तर मला कबूल केले पाहिजे की, माझे काही हलले नव्हते. कवितेच्या शेवटी मी पाहत होतो शेजारच्या प्राध्यापकांच्या चेहऱ्याकडे. त्यांनी मान डोलविली, म्हणून मी तोंड उघडले. न जाणो, त्यांनीही माझ्याकडे पाहूनच मान डोलविली असेल!

असल्या दादीने कोणाचे काय बिघडते, असे आपण समजतो. पाहुण्याच्या पानातला पदार्थ चांगला झाला असे म्हणण्यासारखाच हा शिष्टाचार. पण यजमानीण त्या स्तुतीवर विसंबून उद्या तसेच तिखट करील, हे आपण विसरतो. कवी आपली ओळ पोहोचली की नाही हे चाचपून पाहण्यासाठीच माणसांत येतो, आणि आपण त्याच्या हातावर खोटे नाणे ठेवून मोकळे होतो.

शेवटी मी त्या कवीकडून कवितेची प्रत मागवून घेतली. पुतणीने आणि मी ती तीन वेळा वाचली. तिच्या मते तो माणूस कोणाची तरी वाट पाहत होता आणि ती व्यक्ती येणार नाही हे त्याला ठाऊक होते. पहिली दोन कडवी तिच्या म्हणण्याशी जुळली. मलाही ती आवडली, खरोखरीच आवडली. तिसरे कडवे आम्हां दोघांनाही उलगडले नाही. पुढे तो कवी भेटला तेव्हा मी हे जसेच्या तसे त्याला सांगितले आणि बैठकीतली माझी दादही परत मागितली. तो हसला नाही. थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘ते कडवं मलाही अजून नीट जमलेलं नाही. पण त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही.’ मग तेथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही बराच वेळ त्या एका कडव्याविषयी बोलत होतो.