दिवाण : मातीच्या पाटीपासून न्यायालयापर्यंत

मराठीत ‘दिवाण’ हा शब्द इतक्या निरनिराळ्या ठिकाणी भेटतो की त्या ठिकाणांचे एकमेकांशी काही नाते असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. संस्थानाचा कारभार पाहणारा दिवाण, सावकाराच्या वह्या सांभाळणारे दिवाणजी, पाहुण्यांना बसवायचा दिवाणखाना, जमिनीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे चालणारा दिवाणी दावा, गझलकाराच्या रचनांचा ‘दीवान’ आणि भिंतीलगत ठेवलेला, पोटात गाद्या-रजया सामावून घेणारा लाकडी दिवाण, हे सारे एकाच घराण्यातले आहेत. या घराण्याचा मूळपुरुष कोणी राजा किंवा मंत्री नसून लिहिलेला मजकूर आहे.

अभ्यासक ही वंशावळ मेसोपोटेमियापर्यंत मागे नेतात. सुमेरी भाषेत ज्या ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा उमटवीत तिला ‘दुब’ म्हणत. अक्कदी भाषेने तो शब्द घेऊन ‘तुप्पु’ केला, इराणच्या नैर्ऋत्येकडील एलामी भाषेत तो ‘तुप्पी’ झाला आणि प्राचीन फारसीत ‘दिपि’. सम्राट दार्यवहुश याने इ.स.पू. 520 च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्यात त्या लेखालाच ‘दिपि’ म्हटले आहे, म्हणजे तोवर मातीची पाटी मागे पडून ‘लेख’ एवढाच अर्थ उरला होता. राज्यकर्ते फारसी बोलणारे असले, तरी हिशेब एलामी कारकुनांच्या हाती होते. पर्सेपोलिस येथे 1933-34 साली सापडलेल्या हजारो पाट्यांवर कोणत्या मजुराला किती धान्य आणि कोणत्या प्रवाशाला किती मद्य दिले, याच्या नोंदी एलामी भाषेतच आहेत. जिंकणाऱ्याने राज्य घ्यावे आणि वही मात्र जित समाजातल्या जाणत्याकडेच ठेवावी, हा प्रकार पुढेही या शब्दाच्या इतिहासात पुन्हापुन्हा दिसतो.

याच ‘दिपि’ची एक शाखा भारतात आली आणि ती इतकी घरची झाली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. ‘लिपि’ हा तो शब्द होय. पाणिनीच्या सूत्रात ‘लिपि’ आणि ‘लिबि’ अशी दोन रूपे एकत्र आली आहेत, आणि एकाच शब्दाचे असे दुहेरी रूप तो बाहेरून आल्याचे लक्षण मानले जाते. त्याहून बोलका पुरावा अशोकाच्या शिलालेखांत आहे. इतरत्र जेथे ‘धम्मलिपि’ असे कोरले आहे, तेथे वायव्य सरहद्दीवरील शाहबाझगढी आणि मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत ‘ध्रमदिपि’ असे आढळते. इराणी राजवटीला लागून असलेल्या प्रदेशात ‘द’ टिकला आणि आत येता येता त्याचा ‘ल’ झाला. ‘लिप्’ म्हणजे माखणे या धातूशी लिपीचा संबंध जोडला जातो खरा. शाईने माखण्याचे चित्र डोळ्यांपुढे असल्यावर ती जोडणी पटतेही, पण वायव्येकडच्या त्या ‘द’चा उलगडा तिने होत नाही.

इराणात मात्र शब्दाची वाढ वेगळ्या दिशेने झाली. लेख बाळगणारा तो ‘दबीर’, म्हणजे लेखनिक, आणि लेख ठेवण्याची जागा ती ‘दीवान’. दबीर हा शब्द मराठी राज्यात ‘डबीर’ या रूपाने परराज्यांशी पत्रव्यवहार पाहणाऱ्या मंत्र्याचे पद म्हणून नांदत होता. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली तेव्हा डबीराचा ‘सुमंत’ झाला. फारसी शब्द दूर सारून राज्यव्यवहार संस्कृताच्या कुळात आणण्याचा तो प्रयत्न स्वाभिमानाचा आणि दूरदृष्टीचा होता, यात वाद नाही. योगायोग एवढाच की ज्या ‘लिपी’त ती नवी नावे लिहिली गेली, तो शब्द त्या डबीराचा भाऊबंद निघतो.

दीवान शब्दाची एक गमतीदार व्युत्पत्ती इब्न खल्दूनने नोंदवली आहे. इराणच्या खुस्रो बादशहाने आपले कारकून मनातल्या मनात आकडेमोड करीत स्वतःशीच पुटपुटताना पाहिले आणि त्यांना ‘दीवाने’ म्हणजे वेडे ठरवले, तेच नाव त्यांच्या कचेरीला पडले, अशी ती कथा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती टिकत नाही, कारण ‘दीवाना’ हा शब्द ‘देव’ म्हणजे पिशाच्च या इराणी शब्दापासून आला असून त्याचे नाते आपल्या पूज्य ‘देवा’शी आहे. तरीही हिशेबनिसाकडे पाहण्याची सामान्य माणसाची दृष्टी या कथेत नेमकी पकडली गेली आहे.

अरबांनी इराण जिंकला तेव्हा खलिफा उमर यांनी सैनिकांच्या वेतनाची नोंदवही सुरू केली आणि तिला ‘दीवान’ हेच नाव राहिले. इराकमधील महसुलाच्या वह्या त्यानंतरही सुमारे अर्धशतक फारसीतच लिहिल्या जात होत्या; खलिफा अब्द अल-मलिक यांच्या काळात, सातव्या शतकाच्या अखेरीस, त्या अरबीत आणल्या गेल्या. येथून पुढे शब्दाने जो पसारा मांडला, तो समजायला संस्कृत साहित्यशास्त्रातली ‘लक्षणा’ पुरते. मूळ अर्थाला चिकटून असलेल्या वस्तूकडे शब्द सरकतो, ती लक्षणा. वहीवरून वही ठेवण्याची कचेरी, कचेरीवरून तिचा अधिकारी, अधिकाऱ्यावरून त्याची सभा आणि उस्मानी तुर्कांच्या दरबारात सभेवरून ती जेथे बसे ती भिंतीलगतची गाद्यागिरद्यांची बैठक, अशी ही सरकत गेलेली साखळी आहे. जकातीच्या कचेरीला इटालियनमध्ये ‘दोगाना’ आणि फ्रेंचमध्ये ‘दुआन’ म्हणतात, तेही याच शब्दाचे युरोपीय अवतार आहेत. कवीचा दीवान या साखळीत उपरा वाटतो, पण तोही वहीच आहे. जुन्या पद्धतीच्या दीवानात गझला काळानुसार किंवा विषयानुसार न लावता ओळीच्या शेवटच्या अक्षराच्या वर्णानुक्रमाने लावतात. विरहाची कविता अशी खतावणीसारखी लावून ठेवण्यात दबिराची शिस्तच दिसते.

मोगल अमलात दिवाण म्हणजे महसूल पाहणारा अधिकारी, आणि त्याचा अधिकार ती ‘दिवाणी’. 1765 साली अलाहाबादच्या तहाने शाह आलमने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली, त्याबदल्यात कंपनीने वर्षाला 26 लाख रुपये देण्याचे कबूल केले. एका नोंदवहीचा ताबा म्हणून मिळालेल्या या हक्कातून पुढे केवढी सत्ता उभी राहिली, हे सर्वविदित आहे. महसुलाबरोबर मालमत्तेच्या तंट्यांचा निवाडाही दिवाणाकडे असल्यामुळे 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी आणि फौजदारी अशा दोन वेगळ्या अदालती स्थापल्या, तेव्हा मालमत्तेचे तंटे ‘दिवाणी’ झाले. 1793 मध्ये कॉर्नवॉलिसने महसूल आणि न्याय यांची फारकत केली. परिणामी ज्या कामामुळे हे नाव पडले होते ते काम बाजूला गेले आणि नाव तेवढे न्यायालयाकडे राहिले. संस्थानांत मात्र दिवाण म्हणजे मुख्य कारभारी हा अर्थ अखेरपर्यंत टिकला, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव हे त्याचे ठळक उदाहरण होते.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नव्या नावाची संहिता लागू झाली आणि कायद्याच्या नावातून ‘फौजदारी’ हा शब्द गेला. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र आपल्या नावासह अजून चालू आहे.