सतराशे अठ्ठावीस

माणूस खोटं बोलतोय की खरं, हे मला चेहऱ्यावरून कळतं असा माझा बरीच वर्षं समज होता. कचेरीत रजेचे अर्ज वाचून वाचून तो पक्का झाला होता. एकाच कारकुनाची एकच आजी तीन वेळा वारल्याचे अर्ज मी स्वहस्ते फायलीला लावले आहेत. पण २०२० च्या डिसेंबरात आमच्या घरात ज्या माणसावरून भांडण पेटलं, त्याला मुळी चेहराच नव्हता. पांढरा गोळा, त्यावर दोन ठिपके आणि एक हसरी रेघ, एवढंच त्याचं दर्शन. नाव ड्रीम. (खरं तोंड त्याने २०२२ च्या ऑक्टोबरात दाखवलं. तोवर आमच्याकडचे दोन्ही पक्ष दमले होते.)

हा अमेरिकेतला तरुण माइनक्राफ्ट नावाचा व्हिडिओ गेम खेळतो आणि लाखो लोक त्याला खेळताना बघतात. दुसऱ्याला खेळताना बघण्यात कसली आलीय मजा, असं मी नातवाला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही क्रिकेट बघता तेव्हा बॅट कोणाच्या हातात असते?" त्यानंतर मी विचारणं सोडलं.

तर भांडणाचं मूळ असं. हा गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत असते. शेवटी एका ड्रॅगनला मारायचं, पण त्याच्यापर्यंत पोचायला दोन वस्तू लागतात. पहिली म्हणजे एक मोती. तो डुकरतोंड्या प्राण्यांकडून मिळवायचा. त्यांना सोन्याची वीट द्यायची, की ते मनाला येईल ते परत करतात: खडी, दोरा, चामडं. थोडक्यात, लग्नातल्या अहेरासारखं. शंभरातून जेमतेम पाच वेळा मोती मिळतो. दुसरी वस्तू म्हणजे एक कांडी. ब्लेझ नावाचं आगीचं भूत मारलं की ती निम्म्या वेळा हाती लागते. ड्रीमने सहा बैठकांत २६२ विटा दिल्या. हिशेबाने मोती यायला हवे होते बारा-तेरा वेळा, आले ४२ वेळा. भुतं मारली ३०५, कांड्या मिळायला हव्यात दीडशेच्या आसपास, मिळाल्या २११. शर्यतींची नोंद ठेवणाऱ्या मंडळींनी २९ पानांचा निबंध लिहिला आणि जाहीर केलं, की असं नशीब फळफळण्याची शक्यता साडेसात लाख कोटींत एक. म्हणजे गेममध्ये हात घातला गेला आहे. नोंद रद्द.

आमच्या घरात उभी फूट पडली. नातू तेव्हा आठवीत. तो आणि त्याची आजी ड्रीमच्या बाजूने. हिला गेममधलं ओ का ठो कळत नाही, पण "कुणाचं नशीब उघडलं की लोकांच्या पोटात दुखतंच" हा सिद्धान्त तिने चार जावांत राहून तपासलेला आहे. मुलगा संगणकातला इंजिनिअर, त्यामुळे तो विरोधी पक्षात. सुनेचं मत एवढंच होतं की पोळ्या गार होताहेत. पुढे ड्रीमने आपल्या बाजूने एक तज्ज्ञ उभा केला. तज्ज्ञाचं नाव गुप्त. पण त्याच्याही हिशेबाने शक्यता कोटीत एकच्या घरातच निघाली. आपल्याच वकिलाने "माझ्या अशिलाने चोरी केली, पण मुद्देमाल फिर्यादी म्हणतो तेवढा नव्हता" म्हणावं, तसं झालं.

मुलाने आणखी एक दाखला काढला. ड्रॅगस्टर नावाच्या जुन्या गेममध्ये टॉड रॉजर्स या खेळाडूच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. पस्तीस वर्षं तो कोणी हलवला नाही. मग एकाने त्या गेमची आज्ञावलीच उलगडून पाहिली, तर काहीही केलं तरी ५.५७ च्या खाली जाताच येत नाही असं निघालं. २०१८ च्या जानेवारीत तो विक्रम पुसला गेला. हे मला पटलं. अशक्य ते अशक्यच. पण ड्रीमचं अशक्य आहे असं कोणीच म्हणत नव्हतं, साडेसात लाख कोटींत एकदा का होईना, जागा होती. मग नशीब नेमकं कितव्या कोटीपाशी संपतं आणि लबाडी कुठून सुरू होते? तिथे पाटी कोण लावतं?

दोन्ही पक्ष माझा कौल मागू लागले. मी मौन धरलं. हिला ते शहाणपण वाटलं. ते शहाणपण नव्हतं. मी एकदा तशी पाटी लावून बसलो होतो.

१९७९ साली आमच्या कचेरीत बिशी सुरू झाली. बारा जण, दरमहा पन्नास रुपये. पगाराच्या दिवशी हेडक्लार्क भाऊसाहेब बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठी काढायचे आणि ज्याचं नाव निघेल त्याला सहाशे रुपये. डिसेंबरात नाव निघालं तर हातात नुसते आपलेच पैसे. जानेवारीत निघालं तर चैन. आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचं नाव जानेवारीत निघालं. १९८० च्या जानेवारीत पुन्हा. १९८१ च्या जानेवारीतही. मी व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडला. बारा गुणिले बारा गुणिले बारा, सतराशे अठ्ठावीस. चहाच्या वेळी तो चारचौघांना दाखवला. "लबाड" हा शब्द मी उच्चारला नाही, बरं का. आकडा सांगितला की शब्द उच्चारावा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी उरलेल्या अकरा महिन्यांचे साडेपाचशे रुपये भाऊसाहेबांच्या टेबलावर मोजून ठेवले आणि बिशी सोडली. पतपेढीतून कर्ज काढल्याचं नंतर कळलं. मधल्या सुट्टीत ते आमच्यात डबा खायला बसेनासे झाले.

१९८६ मध्ये भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या तिसऱ्या वर्षी डब्यातल्या बाराही चिठ्ठ्यांवर मी त्याचंच नाव लिहिलं होतं. वडिलांचं ऑपरेशन होतं त्याच्या. मागणाऱ्यातला माणूस नव्हे. त्याला स्वतःलाही ठाऊक नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बिशी मोडली असती ना!"

मी हे त्या गृहस्थांना जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लग्नाकार्यात भेट व्हायची, ते हसून म्हणायचे, "या, सतराशे अठ्ठावीस!" मीही हसायचो. दोघंही फार छान हसायचो.

२०२१ च्या मेअखेर ड्रीमने कबूल केलं, की त्याच्या गेममध्ये बदल केलेला होता, पण खेळताना आपल्याला ते माहीत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मुलाचा विजयोत्सव सुरू झाला. नातवाचे डोळे भरले. "पण त्याला माहीत नव्हतं!" मुलगा म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." ड्रीमला खरंच माहीत नव्हतं की कसं, देव जाणे. पण गणित चोख बरोबर असून माणूस चुकीचा निघू शकतो, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. म्हणून मी बिशीची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळे गप्प. नातू बोटं मोडत होता. मग म्हणाला, "आजोबा, पण तुमचं गणितही चूक आहे."

"काय चूक?"

"पहिल्या वर्षी कोणाचं तरी नाव निघणारच होतं. ते धरायचंच नाही. उरले एकशे चव्वेचाळीस. त्यात तिसरी वेळ भाऊसाहेबांची. म्हणजे नुसते बारा." त्या २९ पानवाल्यांनी म्हणे, इतके लोक खेळतात त्यांत एखादा नशीबवान निघणारच, हे आधी धरून मग आपला आकडा काढला होता. मुलाने मान डोलावली. आमच्या घरात सत्ताधारी आणि विरोधक एकमताने माझ्या विरोधात जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे, पण एवढी शांतता कधी नव्हती.

रात्री मी फोन केला. गृहस्थ चौऱ्याऐंशीचे, कान अजून शाबूत.

"बारा," मी म्हणालो.

"काय, वाजले?"

मग सगळं सांगावं लागलं. चिठ्ठ्यांचंसुद्धा. पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता, की फोन कटला असं वाटलं.

"म्हणजे ते भाऊसाहेब होते," ते शेवटी म्हणाले. "मी इतकी वर्षं दर जानेवारीत कुलदेवीला नारळ फोडतोय."

मला काय बोलावं सुचेना. मी नातवाने मांडलेलं गणित पुन्हा समजावू लागलो.

"वडील पुढे नऊ वर्षं जगले," त्यांनी मध्येच सांगितलं. "असो. हे लॉकडाऊन उठलं की चहाला या. आकडे घरी ठेवून या."